पुराव्याचा फोटो आणि ओळखीचा फोटो : सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कचे प्रकरण

गुजरातच्या किनाऱ्यावरील वेरावळ, सूत्रापाडा, धामळेज, मांगरोळ या बंदरांतून मासेमारीसाठी निघणाऱ्या अनेक बोटींवर २०१२ पासून जाळी, बर्फ, डिझेल आणि शिधा यांच्याबरोबर आणखी एक वस्तू जाऊ लागली: पाण्यात भिजला तरी चालणारा छोटा कॅमेरा. जाळ्यात व्हेल शार्क सापडला, तर जाळे कापून त्याला सोडतानाचे फोटो तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, किंवा एखाद्या खलाशाने स्वतः काढायचे आणि किनाऱ्यावर परतल्यावर ते दाखवून कापलेल्या जाळ्याची भरपाई मागायची, अशी ही व्यवस्था होती. गुजरातचा वन विभाग आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था यांनी मिळून ती सुरू केली. मोकळ्या समुद्रातील शार्कची छायाचित्रे जगभर काढली जातात. पण ती बहुधा त्याच कामासाठी मुद्दाम गेलेल्या माणसांनी, स्वच्छ पाण्यात, हाताशी वेळ ठेवून काढलेली असतात. इथे फोटो काढणारा मासेमार आहे, मासा त्याला नको असताना भेटलेला आहे, पाणी गढूळ आहे आणि जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक माशाचे आणि जाळ्याचे, दोघांचेही नुकसान वाढते आहे. अशा भेटीत काढलेल्या फोटोने काय साधले, काय साधायचे राहिले आणि राहिलेले कसे साधता येईल, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा आहे. नावात व्हेल असले तरी देवमाशांशी, म्हणजे सस्तन प्राण्यांशी, त्याचे नाते नाही; कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या मुशीच्या आणि मोरीच्या गोतावळ्यातला तो आहे, त्याचा सांगाडा कूर्चेचा आहे आणि तो कल्ल्यांनीच श्वास घेतो. अँड्र्यू स्मिथ यांनी १८२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टेबल बे येथे सापडलेल्या माशावरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मोठा मासा १२ मीटरपर्यंत सहज वाढतो आणि त्याहून लांब माशांच्याही नोंदी आहेत. एवढे धूड जगते ते प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, माशांच्या अंड्यांवर आणि बारीक मासळीवर. रुंद तोंड उघडून पाणी आत घ्यायचे, गाळायचे आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडायचे, हाच त्याचा जेवणाचा रिवाज. त्याचे दात अवघ्या काही मिलिमीटरचे असतात. माणसावर तो हल्ला करत नाही. त्याच्या शेपटीचा फटका मात्र लहान होडीला आणि तिच्यातल्या माणसांना महागात पडू शकतो. करड्या-निळसर पाठीवर पांढरट ठिपके आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या फिकट रेषा असल्याने ती सारीपाटासारखी चौकटींची दिसते. या ठिपक्यांकडे पुढे परत यायचे आहे, म्हणून वाचकाने ते लक्षात ठेवावेत.

सौराष्ट्रात या माशाची ओळख बराच काळ 'बॅरल' या नावाने होती. त्याला मोठे लोखंडी गळ मारत आणि गळाच्या दोराला रिकामी पिंपे बांधत; पिंपांमुळे त्याला खोल बुडी मारता येत नसे, तो थकत जाई आणि मग त्याला किनाऱ्याकडे ओढून आणत. या पिंपांवरूनच ते नाव पडले. सुरुवातीला मुख्य मागणी यकृताच्या तेलाची होती, कारण लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून ते चोपडले जाई. पुढे मांसाला आणि परांना परदेशात भाव मिळू लागला आणि १९९० च्या दशकात ही शिकार झपाट्याने वाढली. माइक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट २००० मध्ये आला आणि वेरावळच्या किनाऱ्यावर काय चालले आहे, हे देशातल्या आणि देशाबाहेरच्या लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. २००१ च्या मे महिन्यात व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, झाला. या कायद्याचे संरक्षण मिळालेला तो भारतातील पहिला मासा. कॅमेऱ्याचा या प्रकरणातला पहिला प्रवेश हा असा, बाहेरून आणि आरोप घेऊन झालेला आहे. दुसऱ्या प्रवेशाच्या वेळी कॅमेरा मासेमारांच्याच हाती होता, आणि माझ्या मते या प्रकरणाचे सगळे वेगळेपण या फरकात आहे.

कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण जाळ्यात आपोआप अडकणाऱ्या माशाचे काय, हा प्रश्न कायद्याच्या कलमात सुटणारा नव्हता. गिलनेट म्हणजे पाण्यात उभ्या राहणाऱ्या भिंतीसारखे जाळे. पापलेट, सुरमई, कुपा यांच्यासाठी टाकलेल्या त्या भिंतीत व्हेल शार्क शिरला की तो गिरक्या घेतो आणि स्वतःभोवती जाळे गुंडाळून घेतो. त्याला सोडवायचे तर जाळे कापावे लागते, आणि जाळे ही त्या घराची पुंजी असते, पुष्कळदा कर्ज काढून उभी केलेली. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वन विभाग आणि टाटा केमिकल्स यांनी व्हेल शार्क वाचवण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा तिने हात घातला तो आधी मनाला आणि मग खिशाला. रामकथाकार मोरारी बापू यांनी व्हेल शार्कला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि 'बॅरल'ची 'वहाली', म्हणजे लाडकी, झाली. माहेरवाशिणीच्या ओटीत काही घालायचे की तिला दारातून परत पाठवायचे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. खारवा या मासेमार समाजातल्या बायाबापड्यांनाही ते समजावे लागले नाही. उपमा शास्त्राच्या कसोटीवर किती उतरते हा निराळा विषय आहे, परंतु तिने मासा बाजाराच्या हिशेबातून काढून नात्याच्या हिशेबात आणला, हे खरे. त्या नात्याला जोड म्हणून वन विभागाने कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली.

भरपाई आली की पुरावा आला, आणि अडचण इथेच उभी राहिली. मासा खरोखर अडकला होता, तो जिवंत सोडला आणि जाळे त्याच कारणाने कापले, हे सरकारी माणसाने पाहून नोंदवायचे, अशी सुरुवातीची रीत होती. बोट किनाऱ्यापासून दूर समुद्रात, अधिकारी किनाऱ्यावर. निरोप जाणार, माणूस दुसरी बोट घेऊन निघणार, पोहोचणार, पाहणार, आणि मग जाळे कापले जाणार. सरकारी पैशाचा हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे या रीतीत कोणाची वाईट बुद्धी होती असे म्हणता येत नाही. मात्र तिची किंमत मासा भरत होता. पुढे सरकत राहिल्याने तोंडातून शिरलेले पाणी कल्ल्यांवरून वाहत राहते, असा या माशाचा नेहमीचा श्वास आहे; जाळ्याने परांना आणि कल्ल्यांना आवळले, त्याची चाल थांबली, की तो दमत जातो, आणि ज्या माशाला वाचवण्यासाठी योजना आखली तोच साक्षीदाराची वाट पाहत अर्धमेला होऊ शकतो. २०१२ च्या कॅमेऱ्याने साक्षीदार बोटीवरच आणून बसवला. मासेमाराचा शब्द आणि त्याने काढलेला फोटो यांवर विश्वास ठेवायचा, असे ठरल्याबरोबर वाट पाहण्याचा काळ गळून पडला आणि सुटकेला लागणारा वेळ कमी झाला.

ही सुटका प्रत्यक्षात कशी होते, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण फोटोचे पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघतात. जाळे ओढताना ते एकाएकी जड लागते आणि ओढण्याच्या उलट दिशेला सरकू लागते, तेव्हाच जुन्या तांडेलाला काय झाले असावे याचा अंदाज येतो. इंजिन मंद करून, पंख्यात जाळे जाणार नाही अशा बेताने बोट बाजूला घेतली जाते. पाण्याखालून आधी एक फिकट डाग वर येतो, मग डागांची रांग, मग बोटीच्या लांबीला लाजवील अशी ती चौकटींची पाठ. जाळ्याचा दोरा छातीच्या पराच्या बुंध्याशी रुतलेला असतो, वरच्या काठाचे तरंगते बुचे कल्ल्यांशी गोळा झालेले असतात, आणि शेपूट अजून मोकळी असेल तर ती जाळे आणखी आवळत असते. दोघे-तिघे काठावर ओणवे होऊन लांब दांड्याच्या कोयत्याने किंवा सुरीने दोरे तोडू लागतात; प्रसंगी एखादा पाण्यात उतरतो, आणि हे सर्वांत धोक्याचे, कारण मासा सुटताना शेपटीचा पहिला झटका कोणत्या बाजूला बसेल ते सांगता येत नाही. शेपटीला दोर बांधून माशाला मागे खेचायचे नसते, कारण उलट्या दिशेने ओढला की पाणी कल्ल्यांवरून नीट वाहत नाही. जाळ्याचा शेवटचा फास निघाला की तो क्षणभर तसाच पडून राहतो, मग डोके खाली करून शांतपणे बुडी घेतो. या सगळ्या गडबडीत एका माणसाचे हात कोरडे आणि मोकळे ठेवायचे, त्याने कॅमेरा धरायचा आणि घटनेचा क्रम टिपायचा: जाळ्यात अडकलेला मासा, कापले जाणारे जाळे, मोकळा झालेला मासा आणि बोटीवर राहिलेला जाळ्याचा फाटका भाग.

पुरावा म्हणून हे पुरते, आणि ही व्यवस्था यशस्वी झाली असे मी निःशंकपणे म्हणतो. २००४ पासून गुजरातच्या किनाऱ्यावर नऊशेहून अधिक व्हेल शार्क जाळ्यांतून सोडले गेले आहेत, आणि ते ज्यांनी सोडले त्यांच्यापैकी अनेकांच्या बंदरांत एके काळी शिकारीची हीच पिंपे रचलेली असत. पण या आकड्याला एक प्रश्न विचारून पाहावा: हे नऊशेहून अधिक मासे आहेत, की नऊशेहून अधिक सुटका? एकच मासा दोन हंगामांत दोनदा अडकला असेल, तर सुटकांच्या वहीत तो दोनदा आला आहे. उलट, एकदा सोडलेला मासा पुन्हा कुठे दिसला, तर सुटकेनंतर तो जगला याचा त्याहून सरळ दाखला मिळणार नाही. उपग्रहाशी जोडलेली खूणपट्टी माशाला लावून त्याचा प्रवास पाहण्याचे काम गुजरातमध्ये २०११ मध्ये सूत्रापाड्याजवळ सुरू झाले, पण अशी खूण महाग असते आणि मोजक्या माशांनाच लावता येते. फोटो प्रत्येक माशाचा निघू शकतो. मासे की सुटका, हे फोटोतून ओळखता येते, आणि ते ठिपक्यांच्या बळावर.

व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशात वेगळी असते आणि वर्षानुवर्षे टिकते. आपल्या बोटांच्या ठशांसारखीच. १९८६ मध्ये एडवर्ड ग्रोथ यांनी आकाशातील ताऱ्यांच्या दोन याद्या एकमेकींशी जुळवण्याची एक गणिती पद्धत मांडली होती. कोणतेही तीन बिंदू घेतले की एक त्रिकोण होतो, आणि चित्र लहान-मोठे केले किंवा फिरवले तरी त्या त्रिकोणाच्या बाजूंचे परस्परप्रमाण बदलत नाही. असे पुष्कळ त्रिकोण दोन चित्रांत जुळले की दोन्ही चित्रे एकाच आकाशाची. खगोलशास्त्रज्ञ झावेन अर्झुमानियन, संगणक प्रणाली लिहिणारे जेसन होल्मबर्ग आणि ऑस्ट्रेलियातील व्हेल शार्कचे अभ्यासक ब्रॅड नॉर्मन यांनी २००५ मध्ये हीच पद्धत माशाच्या अंगावरील ठिपक्यांना लावून दाखवली. ताऱ्यांची ही कल्पना माशाच्या कातडीवर उतरवणे मला आजही विलक्षण वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू प्रवाळक्षेत्रात पोहायला आलेल्या सामान्य पर्यटकांचे फोटो तिच्यामुळे अभ्यासाच्या कामी आले, आणि जगभरातून येणाऱ्या फोटोंचा संग्रह उभा राहिला.

त्या संग्रहाला हवा असलेला फोटो कुठल्या जागेचा, हे ठरलेले आहे: माशाच्या डाव्या कुशीचा, पाचव्या कल्ल्याच्या चिरेपासून मागे, छातीच्या पराच्या वरचा भाग. डावी बाजू घेण्यामागे गूढ काही नाही. दोन्ही कुशींवरील ठिपके वेगळे असल्याने सर्वांनी एकच बाजू धरली तरच जुळवणी होते, एवढेच कारण. फोटो शक्यतो कुशीला काटकोनात हवा, कारण कोन फार तिरका झाला की त्रिकोण चेपतात.

आता हा फोटो आणि बोटीवरून काढलेला पुराव्याचा फोटो शेजारी ठेवून पाहावेत. पुराव्याच्या फोटोत जाळे दिसले पाहिजे; ओळखीच्या फोटोत नेमके जाळेच आड येते. पुराव्यासाठी कॅमेरा वरून धरला जातो आणि पाठ दिसते. ओळखीसाठी कूस लागते, आणि ती पाण्याखाली. दुपारी ओल्या पाठीवर उन्हाची अशी चमक उठते की पांढरे ठिपके त्या पांढऱ्या चकाकीत विरघळतात. पाण्यात कॅमेरा बुडवावा, तर सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळचे पाणी गाळाने आणि प्लवकांनी दाटलेले असते, आणि मासा तिथे येतो त्यामागेही पाण्याचा हाच सकसपणा असतो. निंगालूच्या पारदर्शक पाण्यातील रीत इथे जशीच्या तशी आणणे म्हणूनच चूक ठरेल. तिथे पोहणाऱ्याने माशाच्या अंगापासून किमान ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर दूर राहायचे, एका वेळी १० पेक्षा जास्त माणसांनी पाण्यात उतरायचे नाही, स्पर्श करायचा नाही, फ्लॅश वापरायचा नाही, असे नियम आहेत. मोकळ्या माशाची भेट त्याच्या इच्छेवर सोडणारे हे नियम मला योग्य वाटतात. जाळ्यात अडकलेल्या माशाला मात्र हात लावल्याशिवाय सोडवताच येत नाही. तिथे अंतराची जागा वेळ घेते. पर्यटकासाठी नियम अंतराचा असेल, तर मासेमारासाठी तो मिनिटांचा असला पाहिजे, आणि फोटोच्या प्रत्येक अपेक्षेला याच मापाने मोजले पाहिजे.

या मापाने एक धोकाही दिसतो. ज्या फोटोने वाट पाहणे संपवले, तोच फोटो उशिराचे नवे कारण बनू शकतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. पाच जण चित्रण करत उभे आणि दोघेच जाळे कापत आहेत, असे घडायला वेळ लागत नाही. माशाच्या पाठीवर पाय ठेवून किंवा पर उचलून काढलेले फोटो मोबाइलवरून पसरतात, तेव्हा पुढच्या बोटीलाही तसाच फोटो हवासा वाटतो. याचा दोष एकट्या मासेमारांवर टाकणे मला पटत नाही, कारण अशा फोटोंना दाद देणारे आपण किनाऱ्यावरचे लोक असतो. भरपाईच्या कागदावर 'असे फोटो ग्राह्य धरले जाणार नाहीत' एवढे एक वाक्य असले, तर पुष्कळ फरक पडेल.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून जाळ्यात सापडलेले संरक्षित सागरी जीव सोडून देणाऱ्या मासेमारांसाठी भरपाईची योजना सुरू केली. कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क यांना सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत द्यावी लागते. गुजरातला आठ वर्षांच्या अनुभवानंतर जे सुचले ते आपल्या योजनेत पहिल्या दिवसापासून होते, ही समाधानाची बाब आहे. मात्र आपल्या योजनेत कासव, डॉल्फिन आणि व्हेल शार्क यांच्यासाठी फोटोची अपेक्षा एकाच साच्यातली आहे, आणि व्हेल शार्कच्या बाबतीत तिच्यात ओळखीच्या फोटोची भर घालणे सहज शक्य आहे. पालघरच्या समुद्रात सोडलेला मासा आणि वेरावळला सोडलेला मासा एकच आहे का, हे कळण्याचा दुसरा स्वस्त मार्ग नाही. माशाला राज्यांची हद्द नसली, तरी वह्या दोन राज्यांच्या कार्यालयांत वेगवेगळ्या असतात.

ही भर कशी घालावी, याविषयी माझे म्हणणे मर्यादित आहे. जाळे कापणे आधी, फोटो त्याबरोबर चालता येईल तेवढाच. शेवटचा फास निघाल्यावर मासा क्षणभर पाण्याच्या पृष्ठालगत पडून राहतो, तो क्षण ओळखीच्या फोटोचा. तेव्हा जाळे आड नसते आणि माशाला रोखूनही धरलेले नसते. कॅमेरा धरणाऱ्याने काठावर ओणवे होऊन, शक्य तितके पाण्याशी खाली येऊन, कल्ल्यांमागच्या भागाचे एकापाठोपाठ तीन-चार फोटो घ्यावेत; सूर्य पाठीशी ठेवता आला तर चमक कमी होते. चित्रफीत काढत असल्यास तीही चालेल, कारण तिच्यातून एखादी स्थिर चौकट पुढे वेगळी काढता येते. भरपाईचा निर्णय या फोटोवर अवलंबून ठेवू नये. तो निघाला नाही म्हणून कोणाचा एक रुपयाही अडला, तर पुढच्या वेळी बोट माशाला त्याच्यासाठी थांबवून धरील. तांडेलाला काय टिपायचे ते शब्दांत सांगण्यापेक्षा माशाच्या बाह्याकृतीवर त्या जागेभोवती गोल काढलेले एक चित्र बोटीच्या केबिनमध्ये चिकटवलेले बरे, आणि आपण सोडलेला मासा पुन्हा कुठे दिसला तर ते त्याच बोटीला आवर्जून कळवलेही पाहिजे.

उरतो बाजूचा प्रश्न. जाळे आणि प्रवाह यांनी बोटीकडे माशाची जी कूस आणलेली असते, तीच फोटोत येते. डावी आली तर उत्तम. उजवी आली तर उजवीचाच फोटो काढून त्याच्या नोंदीत 'उजवी' असे लिहावे, म्हणजे उजव्या फोटोंची जुळवणी उजव्यांशी करता येईल; डावी बाजू मिळावी म्हणून मासा फिरवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.